आठवी विभक्ती

क्लायपेदा बंदरातल्या क्रेनांवर चढतो तो गंज,
आणि ऑद्रोने दिवसभर जिच्यात लिहिते ती भाषा रस्ट,
म्हणजे तीही गंजच.
नावावर जाऊ नका.
लोखंड खाणारी नाही ही,
प्रत्येक बोल्टवर हातोडी मारून
नाद ऐकल्याशिवाय
पूल उघडू न देणारी.

काम तसं साधं.
शहराला ऊब पुरवणारी कंपनी,
ऑक्टोबर ते एप्रिल जमिनीखालून गरम पाणी
आणि महिनाअखेर घरोघर एक पत्र.
साचा एकच. त्यात दुहेरी महिरपी कंस.
एका महिरपीखालून नाव येणार,
एकीखालून आकडा,
एकीखालून थकबाकी, असलीच तर.

जुनी प्रणाली नाव जसंच्या तसं चिकटवायची:
आदरणीय झेनोनास.
लिथुआनियन कानाला ते कसं लागतं?
"मुलांनो, या" म्हणायचं सोडून
"मुलं, या" म्हटल्यासारखं.
हाक नव्हे, हजेरी.
बोलावताना नावाला जरा वाकावं लागतं.
झेनोनासचा झेनोनाय,
ब्रोन्युसचा ब्रोन्याउ,
एल्झेचा शेवटचा स्वर आखडता.
आठवी विभक्ती ही.
आपल्या व्याकरणात ती तक्त्याच्या तळाशी,
परीक्षेला क्वचितच.

तिच्यासाठी ऑद्रोनेने फिल्टर लिहिला.
नाव, मग उभी रेघ, मग फिल्टर.
शेवटी आस आलं तर आय,
युस आलं तर याउ.
ऑगस्टची एक यादी पडून होती,
तिच्यातली चार नावं घेऊन चाचणी केली.
चारही वाकली.

कंपायलर म्हणाला, आणि बाकीचे?
बाकीचे कोण?
ते मला ठाऊक नाही, पण बाकीचे असतात.
मग तिने खालच्या ओळीत एक आडवी रेघ ओढली:
जे कशातच बसत नाही
ते जसं आलं तसं राहू दे.
(तिसऱ्या मजल्यावरचा आर्मेनियन चांभार, ग्युर्गेन,
त्यात सुखाने बसला.)

पुन्हा लाल. ओळ सव्वीस.
नाव असेलच, हे तू धरून चाललीस.
तसं वचन तुला कुणी दिलेलं नाही.

वायदोतास शेजारून म्हणाला,
अनरॅप कर आणि घरी चल.
बिननावाचं घर असतं का कुठे?

चारशे बारा घरांत एक निघालं.
बंदरामागची नऊ मजली इमारत, घर चौदा.
तिने रखवालदारीणबाईंना फोन लावला.
ब्रोन्युस होता ना तिथे, त्या म्हणाल्या, ऑगस्टपर्यंत.
वारस सापडेना, म्हणून नाव काढलं.
मग ऊब का चालू?
अहो, नळी त्याच्या भिंतीतून पंधराला जाते.
त्याची बंद केली तर ती म्हातारी गारठेल.

ऑद्रोने थोडा वेळ तशीच बसली.
त्याला तर तिने हाक मारली होती,
मंगळवारी, चाचणीत, अगदी बिनचूक.

नाव असेल तर हे.
नसेल तर
आणि इथे कर्सर लुकलुकत राहिला.
रहिवासी? मालक? जो कोणी असेल तो?
तिने तिथे काहीच लिहिलं नाही.
शाखा आहे, रिकामी आहे,
कंपायलरची हरकत नाही. सगळं हिरवं.

छापून आलं तेव्हा दिसलं:
चौदाच्या पत्रात
वरच्या ओळीत नुसता एक स्वल्पविराम,
कुणीतरी उठून गेल्यावर
टेबलावर राहिलेल्या चष्म्यासारखा.

हे कुठलाही कंपायलर पकडत नाही.

तिने स्वल्पविराम उचलून नावाच्या कंसात नेला:
नाव येईल तेव्हा तोही येईल.
कंसाच्या कडेला एक वजाचं चिन्ह दिलं,
म्हणजे मागची मोकळी ओळही मिटते.

आता चौदाचं पत्र एकदम सुरू होतं:
या महिन्यात आपलं घर
सरासरी एकवीस अंशांवर ठेवलं होतं.